भाडेवहीपासून करारापर्यंत

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही एकाच रेल्वेमार्गावरची गावं, पण तिथले भाडेकरू वेगवेगळ्या कारणांनी आले. अंबरनाथला विम्कोचा आगपेटीचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे एमआयडीसी यांनी कामगार आणले. क्वार्टर सगळ्यांना पुरेनात, म्हणून ज्याच्याकडे थोडी जागा होती त्याने चाळ बांधली. उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. बराकींतल्या खोल्या हळूहळू रहिवाशांच्या मालकीच्या झाल्या, त्यांवर मजले चढले आणि वरची खोली भाड्याने जाऊ लागली. बदलापूर वाढलं ते मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्या नोकरदारांमुळे.

माझ्या सासऱ्यांनी अंबरनाथ पूर्वेला कामगारांसाठी खोल्या बांधल्या. आज त्या मी सांभाळते. त्यांची भाडेवही माझ्या कपाटात आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. रकाने चारच: तारीख, भाडं, लाइट, बाकी. दिवाळीचा बोनस झाला की ‘बाकी चुकती’ असा शेरा आणि शेजारी भाडेकरूची सही किंवा अंगठा. लाइटच्या रकान्यात सबमीटरचं रीडिंग आहे, मागचं आणि पुढचं, दोन्ही. भाड्याचा आकडा मात्र पानामागून पान तोच.

तो आकडा का हलला नाही, हे भाडेकायद्याच्या इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. त्यानंतर प्रथम दिलेल्या जागेला पहिल्यांदा जे ठरलं तेच प्रमाण भाडं. टंचाईच्या काळात भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणारा हा कायदा गरजेचा होता. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नासेक वर्षं टिकला. भाड्यातून कौलंही बदलता येईनात, दुरुस्ती थांबली, मुंबईत पागडी फोफावली. मग ‘लिव्ह अँड लायसन्स’ची, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता खोली ठराविक मुदतीपुरती वापरायला देण्याची वाट निघाली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्स कराराने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्या धसक्याने कित्येकांनी रिकाम्या खोल्यांना कुलपं घातली. खोली दिली की गेली, हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. लायसन्सची मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा मिळाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि पुढच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट रक्कम मागता येते.

एवढं असूनही आमच्याकडचे बरेच मालक स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत जुन्या काळची. नव्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणीकृत लेखी करार नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. आता नोंदणी ऑनलाइन होते. एजंट बायोमेट्रिक यंत्र घेऊन घरी येतो आणि दोन्ही बाजूंचे अंगठे स्वयंपाकघरातल्या टेबलावरच घेतले जातात. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहितीही मी त्याच आठवड्यात देते.

भाडं थकलं म्हणून पाणी तोडणारे मालक मी पाहिले आहेत. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि लहान मुलं असलेल्या घराचा नळ बंद करणं माणुसकीलाही धरून नाही. थकबाकीची नोटीस लेखी द्यावी. भाडं मिळालं की पावती द्यावी, बँकेत जमा झालं तरी. डिपॉझिट किती, कोणत्या नुकसानीपोटी किती कापणार, खोली देताना पंखे-नळ कसे होते, हे आधी लिहून फोटो काढून ठेवावं.

उल्हासनगरच्या इतिहासाने आणखी एक जबाबदारी दाखवून दिली आहे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडला, पुढच्या वर्षी त्या नियमित करण्यासाठी कायदा आला. पण कागदावर नियमित झाल्याने स्लॅब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत नव्वदच्या दशकातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. महापालिका कायदा तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिट सांगतो. त्या इमारतींची तीस वर्षंही भरली नव्हती. म्हणून गळती दिसली, सळई उघडी पडली की आधी इंजिनिअर बोलवावा, भाडेकरू नंतर ठेवावा.

सासऱ्यांच्या काळी वहीतल्या सहीवर भागलं, कारण मालक आणि भाडेकरू एकाच कारखान्याच्या भोंग्याला उठत होते. आज पुण्याहून, बिहारहून, नेपाळहून आलेली कुटुंबं माझ्याकडे राहतात. आमची ओळख नाही, म्हणून दोघांच्याही हाती सारखाच कागद हवा. तो असला की मी निर्धास्तपणे किल्ली देते, आणि त्यांनाही उद्या कोणी अचानक बाहेर काढील ही भीती राहत नाही.