बैलगाडीतून निघालेलं विमान

नागोयाला मित्सुबिशीचा विमानांचा कारखाना होता, पण त्याला लागून धावपट्टी नव्हती. म्हणून मार्च १९३९मध्ये जपानी नौदलाच्या नव्या लढाऊ विमानाचा पहिला नमुना सुटा करून बैलगाडीवर लादला आणि सुमारे ५० किलोमीटरवरच्या कागामिगाहाराच्या मैदानाकडे रवाना केला. खराब रस्त्यावर लॉरीचे हादरे त्या सांगाड्याला सोसले नसते. १ एप्रिलला ते विमान आकाशात गेलं. पुढच्या वर्षी ते नौदलात दाखल झालं. जपानी राजवंशाच्या कालगणनेतलं ते २६००वं वर्ष. त्यातल्या शेवटच्या शून्यावरून विमानाला नाव मिळालं : झिरो.

अभियंता होता जिरो होरिकोशी. नौदलाच्या मागण्या एकमेकींशी भांडणाऱ्या होत्या : वेग हवा, लांब पल्ला हवा, चटकन वळायलाही हवं. आणि इंजिन तर हजार अश्वशक्तीच्याही आतलं. होरिकोशीने मग एकच ध्यास घेतला, वजन उतरवायचं. सुमितोमोने तयार केलेला नवा, हलका पण मजबूत अॅल्युमिनियमचा मिश्रधातू त्याने वापरला. जिथे जमेल तिथे आतल्या भागांना भोकं पाडली. रिकाम्या विमानाचं वजन भरलं सुमारे १,६८० किलो. पण वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा नव्हता, आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी पेट्रोलची टाकीही नव्हती. १३ सप्टेंबर १९४० रोजी चीनवर १३ झिरोंनी रशियन बनावटीच्या विमानांची दाणादाण उडवली आणि एकही झिरो पडलं नाही. तेव्हा या उणिवा कुणाच्या डोळ्यांत भरणार?

आता क्रमांक ४५९३ या एका झिरोकडे येतो. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी ते बांधून पुरं झालं आणि र्‍युजो या विमानवाहू नौकेवर गेलं. आपल्याकडे या नौकेची आठवण राहायला हवी होती. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाडा या बंदरांवर बॉम्ब टाकणारी विमानं तिच्यावरूनच उडाली होती. दोन महिन्यांनी ती अलास्काच्या थंड समुद्रात पोचली. ४ जूनला तिथल्या डच हार्बर या अमेरिकन तळावरच्या हल्ल्यात या झिरोत बसला होता तादायोशी कोगा, वय १९. जमिनीवरून झाडलेली एक गोळी तेलाच्या नळीला लागली. तेल गळू लागलं. इंजिन फार वेळ टिकणार नव्हतं.

अशा वेळी उतरण्यासाठी आकुतान हे बेट आधीच ठरवलेलं होतं; जवळ पाणबुडीही थांबलेली होती. वरून हिरवं, सपाट गवत दिसलं. कोगाने चाकं खाली सोडली. त्याचा सोबती शिकादा याला गवताखाली पाणी चमकताना दिसलं, पण उशीर झाला होता. चाकं दलदलीत रुतली आणि विमान उलटं झालं.

शत्रूच्या मुलखात पडलेलं झिरो जाळून टाकायचं, असा हुकूम होता. कोगाचा दुसरा सोबती एंदो आणि शिकादा वर घिरट्या घालत राहिले. आत कोगा जिवंत असेल तर? त्यांच्याने गोळी झाडवली नाही. ते परत गेले. युद्धाच्या हिशेबात ही चूकच. पण तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

महिनाभराने, १० जुलैला, वाट चुकलेल्या एका अमेरिकन कॅटालिना विमानाला ते दिसलं. कोगा आत पट्ट्याला लटकलेला होता. त्याला तिथेच पुरलं गेलं. विमान मात्र जवळजवळ धड होतं. सान दिएगोला त्याची शेपटी, पंखांची टोकं, छत दुरुस्त झालं आणि २० सप्टेंबरला एडी सँडर्स या नौदल वैमानिकाने ते उडवलं. १५ ऑक्टोबरपर्यंत त्याने २४ उड्डाणं केली. त्यात झिरोची नाडी सापडली. ताशी ३७० किलोमीटरच्या वर गेलं की पंखांवरची वळणाची फळी जड होते, आणि उजवीकडे कलणं डावीकडच्यापेक्षा अवघड जातं. शिवाय नाक एकदम खाली दाबलं की कार्ब्युरेटरच्या रचनेमुळे इंजिनाला पेट्रोल पोचत नाही आणि ते अडखळतं. अमेरिकन वैमानिकांना मग साधा सल्ला मिळाला : झिरो पाठीशी लागलं तर सूर मारा आणि वेगात उजवीकडे वळा.

अमेरिकेचं हेलकॅट विमान याच झिरोवरून बेतलं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. हेलकॅटचा पहिला नमुना २६ जून १९४२ रोजीच उडाला होता. तेव्हा कोगाचं विमान अजून चिखलात पडून होतं. या विमानाने वाचवले ते वैमानिकांचे जीव, आणि तेवढं श्रेय पुरेसं आहे.

फेब्रुवारी १९४५मध्ये सान दिएगोच्या धावपट्टीकडे जात असताना मागून आलेल्या हेलडायव्हर विमानाच्या फिरत्या पंख्याने या झिरोचे तुकडे तुकडे केले. आतली काही मापकं तेवढी जपून ठेवली गेली.

१९८८मध्ये आकुतानवर कोगाचं थडगं शोधलं गेलं, तेव्हा ते रिकामं होतं. १९४७मध्येच त्याचे अवशेष, तो कोण हे न कळताच, अडाक बेटावर हलवले होते. १९५३मध्ये तिथल्या दोनशेहून अधिक जपानी मृतांना मायदेशी नेलं, पण ओळख पटली ती अवघ्या १३ जणांची. कोगा त्या तेरांत नव्हता.