एच-१बी व्हिसा

अमेरिकेत विशेष ज्ञान लागणाऱ्या व्यवसायांत तात्पुरती नोकरी करण्यासाठी परदेशी नागरिकांना मिळणारा व्हिसा. १९९० च्या स्थलांतर कायद्याने तो अस्तित्वात आला. अर्ज उमेदवार करत नाही, नियोक्ता करतो. पदासाठी किमान पदवी किंवा समकक्ष पात्रता लागते. प्रचलित वेतनापेक्षा कमी पगार देणार नाही, अशी हमी नियोक्त्याने आधी श्रम खात्याला द्यावी लागते. वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. मागणी जास्त असल्यास निवड सोडतीने होते. मुदत प्रथम ३, सामान्यतः कमाल ६ वर्षे. नोकरी सुटल्यास नवा नियोक्ता शोधण्यास कमाल ६० दिवस मिळतात. त्यामुळे संपूर्ण कुटुंबाचे वास्तव्य एका नोकरीवर अवलंबून राहते. सर्वाधिक मंजुऱ्या भारतीयांना मिळतात. त्यांत संगणक क्षेत्रातील कर्मचारी बहुसंख्य आहेत.