फाइलच्या नावातली स्पेस आणि पुसल्या गेलेल्या डिस्क

संशोधनाच्या डेटावर पहिली शेल स्क्रिप्ट चालवणार असाल, तर आधी २००१ सालची ही गोष्ट वाचा.

त्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने मॅक ओएस एक्ससाठी आयट्यून्स २ आणलं. इन्स्टॉलरमधल्या स्क्रिप्टला एक साधं काम होतं, आयट्यून्सची जुनी प्रत काढून टाकायची. पण ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती, त्यांच्यापैकी काहींची अख्खी पार्टिशनं पुसली गेली. ॲपलने तो इन्स्टॉलर मागे घेतला आणि लगोलग २.०.१ दिलं. चूक एवढीच, की पाथच्या व्हेरिएबलभोवती डबल कोट नव्हते.

एवढ्याशाने डिस्क कशी जाते? समजा, तुमच्याकडे 'डेटा' आणि 'डेटा जुना' अशा दोन डिस्क आहेत. 'डेटा जुना'मधलं एक फोल्डर काढायचंय. कोट नसतील तर शेल व्हेरिएबलमधला पाथ स्पेसपाशी तोडतं आणि आरएम कमांडला दोन पाथ मिळतात. त्यातला पहिला असतो नुसता 'डेटा'. म्हणजे जिला हातही लावायचा नव्हता, तीच डिस्क आधी जाते!

मग असं शेल बनवलंच का? युनिक्सचं काम बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सुरू झालं. फाइलच्या नावात स्लॅश आणि नल बाइट सोडून काहीही चालायचं, स्पेससुद्धा. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही नाव फार तर १४ अक्षरांचं असे. लोक छोटी, सलग नावं द्यायचे. त्याच आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचं शेल आलं. त्यात ॲरे नव्हते. एका व्हेरिएबलमध्ये चार नावं ठेवायची आणि शेलने ती तोडून द्यायची, ही तेव्हा सोयच होती.

पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशवर आणि नंतर विंडोज ९५ वर लोक साध्या भाषेत, स्पेस देऊन नावं लिहू लागले. मॅक ओएस एक्समध्ये दोन्ही सवयी एकत्र आल्या. नावं मॅकवाल्यांची, स्क्रिप्ट युनिक्सची. १९९० मध्ये आलेलं झेडशेल अशी तोडफोड आपणहून करत नाही. बॅश मात्र अजून करतं, कारण असंख्य जुन्या स्क्रिप्ट त्यावर अवलंबून आहेत.

म्हणून तुम्ही एवढं करा:

१. प्रत्येक व्हेरिएबलला डबल कोट द्या. स्क्रिप्टला मिळालेली सगळी नावं पुढे पाठवायची असतील तर "$@" लिहा, कोटांसकट.

२. एलएसचं आउटपुट लूपमध्ये घेऊ नका. थेट तारांकनाचा पॅटर्न द्या. त्यातून आलेली नावं तुटत नाहीत.

३. फाइंडची यादी एक्सआर्ग्जला देताना दोन्हीकडे 'झीरो'वाला पर्याय वापरा. मग नावं नल बाइटने वेगळी होतात, आणि तो बाइट नावात कधीच येऊ शकत नाही. २०२४ पासून हे पॉसिक्स मानकातही आहे.

आणि आरएमची ओळ लिहिण्याआधी नावात स्पेस असलेलं एक खोटं फोल्डर करून, त्यावर नुसती नावं छापून बघा. मूळ डेटाची प्रत दुसरीकडे आहे ना, तेही आत्ताच तपासा.