बेविकची कोरणी आणि इसापाचा कोल्हा

ब्रिटनमधल्या लाकूडकोरीव चित्रांची कुळकथा बहुतेक जण न्यूकॅसलच्या थॉमस बेविकपासून सुरू करतात आणि त्याच्या १७९० च्या चतुष्पादांच्या व १७९७ च्या पक्ष्यांच्या ग्रंथाकडे बोट दाखवतात. निसर्गनिरीक्षणातून ही कला उमलली, असा त्याचा मथितार्थ. मला तिचे मूळ इसापनीतीच्या स्वस्त पुस्तकात दिसते.

आधीचे टप्पे परिचित आहेत. विल्यम कॅक्स्टनने १४८४ मध्ये इसाप छापला तो उल्मच्या जर्मन ठशांवरून उतरलेल्या चित्रांसह. फ्रान्सिस बार्लोने १६६६ मध्ये आपले प्राणी तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरले. ही चित्रे देखणी, पण छपाईला महाग. तांब्यावर शाई कोरलेल्या खाचेत बसते, खिळ्यांवर ती उंचवट्याला लागते. चित्र आणि मजकूर एका दाबात उमटत नाहीत. कागद दोन यंत्रांतून काढावा लागतो. सॅम्युएल क्रॉक्सलच्या १७२२ च्या इसापात ही अडचण सुटली. बार्लोच्या अनेक रचना आटोपशीर होऊन उठावाच्या लहान ठशांवर आल्या आणि खिळ्यांच्या जोडीनेच छापल्या गेल्या.

हे ठसे एलिशा किर्कलच्या नावावर चालतात. ते लाकडाचे की धातूचे, यावर वाद आहे. माझा कौल धातूला. फळीवर सुरी चालवणारा कारागीर काळी रेघ राखतो आणि भोवतालचे लाकूड काढून टाकतो. इथे काळ्यातून पांढऱ्या रेघा काढून उजेड आणि लव दाखवली आहे. ही सवय धातूवर कोरणी फिरवणाऱ्या हाताची. लाकूड मानणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले तरी माझा मुद्दा ढळत नाही, कारण वारसा आहे तो पांढऱ्या रेघेचा.

बेविकला क्रॉक्सलचे पुस्तक लहानपणापासून प्रिय होते. त्याच्या १७८४ च्या निवडक नीतिकथांत क्रॉक्सलच्या चित्रांच्या रचना सरळ ओळखू येतात. त्याने धातूची कोरणी बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर चालवली. तिथे तंतू उभे असल्यामुळे रेघ कोणत्याही दिशेला फाटत नाही आणि ठसा खिळ्यांइतक्याच उंचीचा करता येतो.

यावर वजनदार आक्षेप असा, की बेविक हे तंत्र राल्फ बील्बीच्या धातुकामाच्या दुकानात उमेदवारी करताना शिकला. चार्ल्स हटनच्या १७७० च्या मापनशास्त्रावरील ग्रंथासाठी त्याने भूमितीच्या आकृत्या लाकडावर कोरल्या, त्यात इसाप कुठे आला? हात तिथे तयार झाला, हे मान्य. पण भूमितीला हवी असते नुसती रेघ. छाया, लव, पिसे यांचे तिला काही पडलेले नसते. ती गरज नीतिकथेच्या चित्राची, आणि तिचा नमुना क्रॉक्सलच्या पानांवर तयार होता. शिवाय बेविकला लंडनच्या कला-प्रोत्साहन संस्थेचे बक्षीस मिळाले तेही जॉन गेच्या नीतिकथांसाठी कोरलेल्या ठशांवर. म्हणजे चतुष्पादांच्या कितीतरी आधी.

चतुष्पाद आणि पक्षी हे या कलेचे फळ आहे. १७९० पासून सुरू होणारा तिचा इतिहास मधल्या पानापासून वाचलेला आहे. पहिले पान १७२२ च्या इसापाचे.