दैवी कोप, भूविज्ञान आणि किल्लारी

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेला भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा होय, असे महात्मा गांधींनी प्रतिपादन केले. रवींद्रनाथ ठाकूरांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला आणि गांधींनी तो ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध करून त्यास उत्तरही दिले. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते, हा रवींद्रनाथांचा एक मुद्दा. निरपराधांचा संहार करून सदाचार शिकवणारे दैव माणसाहून नीतिहीन ठरेल, हा दुसरा. अस्पृश्यतेच्या निषेधाविषयी उभयतांत मतभेद नव्हता. प्रश्न होता तो मृतांच्या वाट्याला आलेल्या अपराधाचा.

हाच प्रश्न महाराष्ट्रापुढे किल्लारीने उभा केला. २९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी. गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा निजली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे दगावली. ज्या देवाला निरोप दिला त्याच रात्री हे घडावे, या योगायोगात कोप शोधणे दुःखाच्या भरात स्वाभाविक होते. परंतु त्या अर्थाने मृतांवर मृत्यूबरोबरच दोषाचाही भार पडत होता.

तथापि, केवळ श्रद्धेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य होणार नाही. दख्खनचे पठार प्राचीन, म्हणून स्थिर, हा शास्त्राचाही एक विश्वासच होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने त्यास पहिला तडा दिला. परंतु त्याचा संबंध शिवसागर जलाशयाशी जोडला गेल्याने तो अपवाद मानणे शक्य झाले. किल्लारी परिसरात ऑक्टोबर १९९२ पासून धक्के जाणवत होते. भूकंपप्रवणतेच्या नकाशात मात्र हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.

उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय भूपट्टाचा ताण हिमालयापुरता मर्यादित न राहता पठाराच्या पोटातही साठतो आणि जुन्या दुर्बळ भेगांतून मोकळा होतो, हे या आपत्तीचे भूवैज्ञानिक स्पष्टीकरण. पण संहाराचे कारण त्याहून जवळचे होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद! उन्हापासून राखणारे हेच घर त्या पहाटे झोपलेल्यांवर कोसळले. हे कारण कळले म्हणून पुढची घरे निराळी बांधता आली. ‘कोप’ या शब्दातून भिंतीला आडवा बंध घालण्याची बुद्धी होत नाही.

शास्त्राचे श्रेष्ठत्व त्याच्या अचूकतेत नव्हे, तर चूक मान्य करण्याच्या रीतीत आहे. २००२ मध्ये तो सर्वांत कमी धोक्याचा विभागच नकाशातून रद्द झाला. प्रार्थनेलाही अशी दुरुस्ती शक्य आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. तेथे कारण विचारले जात नाही, कुणाचे पाप मोजले जात नाही. गेलेल्यांचे स्मरण तेवढे केले जाते. भूविज्ञानाचा अशा प्रार्थनेशी विरोध नाही; विरोध आहे तो मृतांना दोषी ठरविणाऱ्या निवाड्याशी.