चर्चचा पाळक कसा असावा? बायबल काय सांगतं?

प्रकाशा म्हणजे तापी-गोमाई संगमावरची 'दक्षिण काशी'. याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूर, चिंचपाडा भागात ख्रिस्ती मंडळ्याही आहेत. मंडळीचा पाळक कसा असावा, हे कशावरून ठरतं?

नव्या करारात याची यादीच आहे: तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय ३ आणि तीताला पत्र, अध्याय १. मराठी बायबलमध्ये या पदाला 'अध्यक्ष' म्हटलंय.

• घर: एकपत्नी, कुटुंब नीट सांभाळणारा
• स्वभाव: संयमी, भांडखोर किंवा दारूच्या आहारी गेलेला नको
• पैसा: लोभ नको
• वागणूक: पाहुणचार करणारा
• अनुभव: नुकताच ख्रिस्ती झालेला नको, कारण गर्व चढू शकतो

यात कौशल्य जवळपास एकच, शिकवता येणं. बाकी सगळं वागण्याबद्दल.

शेवटची अट: मंडळीबाहेरच्या लोकांतही नाव चांगलं हवं. शेजारी इतर धर्मांचे असतील, तर ही अट सर्वात अवघड. उधारी, दिलेला शब्द, राग, सगळं गाव बघत असतं.

आणि पाळक चुकला तर? तीमथ्याच्या त्याच पत्राचा अध्याय ५ सांगतो: दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकू नका, पण दोष असेल तर सर्वांसमोर कानउघाडणी करा. थोडक्यात, पदामुळे सूट मिळत नाही.