दामाजीपंतांची कोठारे

बीदरच्या किल्ल्याचे नाव महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोहोचले, ते तेथील सुलतानांच्या पराक्रमामुळे नव्हे. पंढरीच्या विठोबाने तेथे जाऊन एका भक्ताचे देणे फेडले, या कथेमुळे. १३४७ साली स्थापन झालेल्या बहामनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून म्हणजे आजच्या कलबुर्गीहून बीदरला आली. पंढरपूरजवळचे मंगळवेढे त्याच राज्यात मोडत असे, आणि तेथील सरकारी कोठारांचा कारभार दामाजीपंतांकडे होता, असे परंपरा सांगते.

दुष्काळ या मुलखाला नवा नव्हता. १३९६ पासून बारा वर्षे चाललेला म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मरणात होता. त्यानंतरचा मोठा दुष्काळ तर दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला गेला. त्याचे साल १४६० असे दिले जाते. पंढरपूरहून आलेला एक ब्राह्मण दामाजीपंतांच्या घरी पानावर बसला आणि घरची उपाशी मुले आठवून रडू लागला. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठविले, पण ते वाटेतच भुकेल्यांनी लुटले. तेव्हा एका घराची सोय करून भागणार नाही, हे उघड झाले.

येथे पंतांपुढे खरा पेच उभा राहिला. धान्य सरकारचे, किल्ल्या आपल्या हाती, आणि दाराशी मरणारी माणसे. खाल्ल्या अन्नाला जागावे तर प्राण जातात. प्राण वाचवावेत तर इमान मोडते. हुकूम मागवावा, तर बीदरहून उत्तर येईपर्यंत कोण जगणार? पंतांनी कोठारे उघडली. हाताखालच्या अधिकाऱ्याने चुगली केली आणि पंतांना बांधून बीदरला नेण्याचा हुकूम सुटला.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. विठू महाराचे रूप घेऊन देव दरबारात गेला, जोहार करून धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पंतांना आपल्या पोथीत सापडली. बादशहाने त्यांना सन्मानाने सोडले. पण देवाला आपल्यासाठी असे राबावे लागले, या जाणिवेने पंतांनी चाकरीच सोडली.

महिपतींनी ही कथा ‘भक्तिविजया’त सांगितली ती १७६२ साली, म्हणजे तीन शतकांनंतर. तेव्हा तिला दरबारी दप्तराचे मोल देता येत नाही. शिवाय १४६० हे साल धरले, तर बीदरच्या तख्तावर हुमायूनशहा होता, आणि फारसी तवारिखांनी त्याची आठवण क्रूर म्हणूनच ठेवली आहे. कथेतला सद्गदित बादशहा त्या चित्राशी जुळत नाही. परंतु इतिहासकाराला कथेतून वेगळी गोष्ट मिळते: संकटकाळी लोक ईश्वरी कृपेचे रूप कसे कल्पीत होते, ही.

या कथेत देव आकाशातून पाऊस पाडीत नाही, की कोठारे चमत्काराने पुन्हा भरीत नाही. तो हिशेब चुकता करतो. भुकेल्यांपर्यंत कृपा पोहोचते ती एका अधिकाऱ्याच्या हातून, आणि पुढे काय होईल हे त्याला ठाऊक नसतानाच. विठोबाची थैली नंतर येते. निर्णय अंधारातच घ्यावा लागतो. निर्णयाआधीच पावती हाती असती, तर त्यात श्रद्धेचे काम उरले नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना दरड कोसळून चोखामेळा गेले, त्याच गावच्या कथेत देव महार होऊन बादशहासमोर उभा राहतो. ज्यांना राऊळाच्या पायरीपुढे जाऊ दिले नाही, त्यांच्याच वेषात कृपा आली, असे समाजाने शतकानुशतके कीर्तनात ऐकले. वागणुकीत मात्र ते उतरविले नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

मंगळवेढ्यात आज दामाजीपंतांचे मंदिर आहे. लोकांनी तेथे पूजिले आहे ते एका कारभाऱ्याला, ज्याने गोंधळाच्या घडीस किल्ली कोणत्या बाजूला फिरवावी हे ओळखले.